तात्यांची बुटकी आणि पिवळे दिवे

सणसरच्या रामहरी तात्यांना गेले दोन महिने पहाटेचा रस्ता नीट दिसत नव्हता. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा या विषयाला बगल दिली. शेवटी सांगितलं ते बारामतीच्या अमीर इलेक्ट्रिशियनला, आणि तेही असं: "अमीर, गाडीचं दिवं लय मंद झाल्यात. काय तरी नवीन बसीव."

म्हणजे दुखणं डोळ्याचं आणि औषध गाडीला. तात्या तसे शहाणे माणूस, पण भीती बसली की शहाण्याची अक्कलही गवत खायला जाते.

आता ही गाडी काय होती ते आधी सांगायला हवं. दोन दारं, दोनच माणसांची जागा, पुढे लांबलचक नाक आणि जमिनीला पोट टेकेल इतकी खाली. परदेशी बनावटीची, पन्नाशी ओलांडलेली स्पोर्ट्स कार. तरुणपणी कुठल्या शर्यतीत पळाली असेल ते तिचं तिला ठाऊक. उतारवयात ती इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत होती. साखर कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आलेल्या मुंबईच्या एका इंजिनियर साहेबांनी ती आणली होती. काम संपलं त्याच दिवशी गाडीने मान टाकली. साहेब वैतागून एसटीने गेले आणि परत काही आले नाहीत. बरीच वर्षं ती कारखान्याच्या शेडात कबुतरांना सांभाळत उभी होती. मग तात्यांनी साहेबांना फोन लावला, दिवाळीचा बोनस त्यांच्याकडे पाठवला आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून दारात आणली. जयवंताबाईंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, तिला ओवाळलं खरं, पण ओवाळता ओवाळता म्हणाल्या, "लोकं दारात बैल बांधत्यात, आमच्या ह्यांनी बेडूक बांधला." मिस्त्री लावून तात्यांनी तिला पुन्हा चालती केली, आणि गावाने तिचं नाव बुटकी ठेवलं.

तात्या कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायला लावायचा, त्या अवाढव्य भांड्याला पॅन म्हणतात, आणि दाणा धरला की नाही हे सांगणारा तो पॅनमन. काचेच्या पट्टीवर एक थेंब घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि बघायचं. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशा बघण्यावर आख्ख्या पॅनची साखर अवलंबून. तात्यांनी पट्टी नुसती तिरकी केली तरी पोरं गप्प उभी राहायची. "तात्या बोलला म्हंजी बोलला," असं साहेब लोकही म्हणायचे. माणूस जन्मभर ज्या एका गोष्टीवर मिरवतो ना, तीच हातची जायला लागली की ते दुसऱ्याला सांगणं फार जड जातं. आपण त्यांना हसू, पण त्यांच्या जागी आपणही तेच केलं असतं.

निवृत्तीनंतर बुटकीला खरं काम मिळालं ते नात श्रेयामुळे. श्रेया पोलीस भरतीची तयारी करत होती. बारामतीच्या मैदानावर उजाडायच्या आत हजर राहायचं, पळायचं, गोळा फेकायचा, मग तिथूनच क्लासला जायचं. तिचा बाप अजित त्या वेळेला गोठ्यात, धारा काढून दुधाची गाडी गाठायच्या घाईत. मग पोरीला सोडणार कोण? तात्या. थंडीत कानटोपी घालून, बुटकीचं इंजिन खोकून खोकून जागं करून, तात्या नातीला घेऊन निघायचे. दिवसातली तेवढी वेळ त्यांना सगळ्यात प्यारी होती.

आणि तिथंच घोटाळा सुरू झाला. समोरून येणारा दिवा आता दिवा राहिला नव्हता. त्याचं शेवंतीचं फूल व्हायचं. पाकळ्या पसरायच्या आणि त्या पाकळ्यांत रस्ता हरवायचा. धुकं असलं तर विचारूच नका. गळीत हंगाम ऐन भरात. दोन दोन ट्रॉल्या मागे लावलेले ट्रॅक्टर, त्यातल्या निम्म्यांना मागे रेडियमची चमकती पट्टीसुद्धा नाही. एका पहाटे श्रेया ओरडली, "तात्या, ट्रॉली!" तात्यांनी ब्रेक दाबला. बुटकीचं नाक ट्रॉलीतून लोंबणाऱ्या वाढ्यांत शिरलं आणि थांबलं. उसाची हिरवी पानं काचेवर पसरली. कुणाला काही लागलं नाही. "धुकंच लई हाय," तात्या म्हणाले. त्या दिवशी धुकं नव्हतं.

तात्यांच्या मनात कायम त्यांचे वडील होते. काळ्या मोतीबिंदूने वडिलांचे डोळे गेले, गेले ते परत आलेच नाहीत. ओट्यावर बसून पावलांचा आवाज आला की विचारायचे, "कोण हाय?" पोटचा पोर समोर उभा असला तरी "कोण हाय?" आपलंही तेच होणार, हे तात्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे ते पक्कं करून घ्यायला जायचं. त्यापेक्षा दिवे बदललेले बरे. पण शेजारच्या सीटवर पोर बसते, हे काही त्यांना चैन पडू देत नव्हतं. जेवण अर्ध्यावर आलं होतं. जयवंताबाई विचारायच्या, "काय हुतंय तुमाला?" तर म्हणायचे, "गाडीला दिवं बसवायचं हायती."

अमीरचं दुकान इंदापूर रस्त्यालाच. ट्रॅक्टर, ट्रक, टेम्पो, ज्याला वायर आहे ते सगळं त्याच्याकडे. बुटकीवर त्याचा जीव होता, कारण आख्ख्या तालुक्यात तशी दुसरी नव्हती. रविवारी सकाळी तात्या गाडी घेऊन आले. श्रेयाचा क्लास संध्याकाळपर्यंत होता, तोवर काम उरकायचं ठरलं.

"तात्या, जुन्या पद्धतीचं मोठं दिवं लावलं तर हिचा डायनॅमो मरंल," अमीर म्हणाला. "म्हातारा डायनॅमो हाय. एलईडी लावू. करंट कमी खात्यात. धुक्याला पिवळं, खाली, बंपरच्या बुडाला."

"जेवढं जास्त उजेड पडंल तेवढं लाव."

"जास्त उजेड कशाला? समोरच्याचं डोळं दिपवायचंत व्हय?"

"लाव म्हणतोय ना!"

अमीरने डोळे किलकिले केले, पण गिऱ्हाईक वडीलधारं, म्हणून कामाला लागला. बंपरला भोक पाडायला त्याचा हात धजेना. मग त्याने बंपरच्याच बोल्टांवर लोखंडी पट्टी धरली, पट्टीवर दोन पिवळे दिवे बसवले, रिले आणि फ्यूज बसवला, आत एक नवं बटण दिलं. ट्रॅक्टरवर आयुष्यभर केलं तसं दिव्याची काळी वायर गाडीच्या पत्र्याला आवळली आणि ऐटीत म्हणाला, "दाबा बटण."

फट्. फ्यूज गेला.

दुसरा घातला. फट्. तोही गेला. अमीरने दिव्यांना शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, दिवे बनवणाऱ्याच्या खानदानापर्यंत पोचणार एवढ्यात त्याने बॅटरीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. हल्लीच्या सगळ्या गाड्यांत पत्र्याला बॅटरीचं मायनस जोडलेलं असतं. या बाईचं उलटं. हिच्या अंगात प्लस होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

"तात्या, ही गाडी जगाच्या उफराटी हाय."

"घरात ठेवली म्हणून गुण लागला आसंल," तात्या म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांना गंमत सुचली होती.

मग सगळं नव्याने. दिवा आणि पट्टी यांच्यामध्ये रबरी वायसर घालून दिव्याचं अंग गाडीच्या अंगाला शिवणार नाही असं केलं, परतीची वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली. फरिदाने, अमीरच्या बायकोने, दोघांना चहा दिला, भाकरी दिली. दिवस कलला तेव्हा दिवे लागले. पिवळेधमक, अंगणात हळद सांडावी तसे. तात्यांना इतका आनंद झाला की त्यांनी अमीरच्या पाठीवर थाप मारली. आता सगळं दिसणार. आता काही होत नाही.

दिवे लावणं झालं, पण दिवे "धरणं" राहिलं होतं. हंगामाआधी बारामती–इंदापूरचे ट्रॅक्टरवाले अमीरच्या दुकानासमोरच्या गोदामाच्या भिंतीपुढे रांग लावतात. त्या पांढऱ्या भिंतीवर अमीरने कमरेच्या उंचीला एक ठसठशीत निळी रेघ ओढलेली. गाडी ठरलेल्या दगडापाशी उभी करायची, उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खाली राहील असा दिवा वाकवायचा. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. तात्यांनी बुटकीचे जुने दिवेही तिथंच कितीदा तरी धरून घेतले होते. आणि बुटकी हलकी असल्याने ड्रायव्हर बसला की तिचं नाक हलायचं, म्हणून तिचे दिवे धरताना तात्यांनी सीटवर बसायचं, अशी रीत होती.

तात्या बसले. सूर्य मावळला होता. श्रेया क्लासहून येऊन, पाठीवर बॅग तशीच ठेवून, गाडीच्या दाराशी उभी राहिली. अमीर पाना घेऊन दिव्यांपुढे उकिडवा बसला.

गोदाम ज्याचं होतं त्याच्या घरी लग्न होतं. आदल्याच दिवशी त्याने आख्खी भिंत चुन्याने रंगवून घेतली होती. नवी रेघ ओढायची तर जुनी चुन्याखालून कुठे पुसट दिसते का, हे अमीरला बघायचं होतं. तो वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, "तात्या, रेघ दिसती का?"

"दिसती की!" तात्या म्हणाले. "चांगली ठळक हाय. उजेड इतभर खाली हाय रेघेच्या. बास, आता आवळ."

अमीरचा पाना तसाच हातात राहिला. त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. कोरी करकरीत भिंत, पिवळ्या उजेडात न्हालेली. मग त्याने तात्यांकडे पाहिलं. तात्या भिंतीकडे ताठ मानेने बघत होते, जसे पॅनसमोर बसून काचेची पट्टी बघायचे तसे.

"तात्या," अमीर अगदी हळू आवाजात म्हणाला, "भिंत कालच रंगीवलीया. रेघ न्हायच त्येच्यावर."

तात्यांचा पारा चढला. "मग मला इचारलंस कशाला? परीक्षा घेतूस व्हय रं माझी? तुझ्या बापाच्या वयाचा हाय मी!"

"परीक्षा न्हाय ओ तात्या. देवाशपथ, मी सहज इचारलं."

"सहज इचारलं म्हणं! मला समदं दिसतंय!"

"तात्या, न्हाय दिसत तुमाला," श्रेया म्हणाली.

पोर कधी उलट बोलणारी नव्हती. पण आता ती थांबली नाही. "त्या ट्रॉलीच्या दिवसापास्नं मला ठावं हाय. आदी मी बारामती येस्तवर गाडीत झोपायची. आता डोळ्याला डोळा लागत न्हाय माझा. ट्रॉली आली, वळण आलं, म्हैस आली, समदं मीच सांगती तुमाला. तुमाला वाटतंय मी गप्पा मारती. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाय. पण मला लई भ्या वाटतं, तात्या."

तात्यांनी बटण दाबलं. दिवे विझले. आपण नातीला सांभाळून नेतो, असं ते गावभर सांगत होते. आणि हे एवढंसं लेकरू रोज पहाटे जीव मुठीत धरून त्यांना सांभाळून नेत होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली असती तर ते बुटकीसकट आत गेले असते. पण त्या लाजेखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती खोटी नव्हती: आता लपवायचं नव्हतं. दोन महिने छातीवर ठेवलेलं उसाचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं.

ते गाडीतून उतरले, किल्ली अमीरच्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाले. "चल श्रेया, एसटीनं जाऊ."

एसटीत खिडकीशी बसून त्यांनी नातीला आपल्या बापाचं सगळं सांगितलं. ओटा, "कोण हाय?", सगळं. आजवर त्यांनी हे जयवंताबाईंनाही एवढं उलगडून सांगितलं नव्हतं. श्रेयाने त्यांचा हात धरून ठेवला. "काळा हाय का साधा, ते बगायच्या आदीच तुमी रडाय लागला," ती म्हणाली. पोलीस होणार ही, यात तात्यांना तेव्हा शंका राहिली नाही.

घरी जयवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चुलीपुढून उठल्या, नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "म्हंजी तुमी आंधळ्यावानी पोरीला घिऊन फिरत हुता? आन् मी हितं देवाला म्हणत हुते, ह्यांचं अन्न का तुटलं म्हणून!" त्या खूप बोलल्या. बोलायलाच हवं होतं. मग आत जाऊन पदराने डोळे पुसले, आणि सकाळी सगळ्यात आधी तयार होऊन त्याच बसल्या.

बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तात्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्या आणि उरलंसुरलं दिसायचंही बंद झालं. तात्या बाकावर बसून राहिले, शेजारी कोण आहे हेही धड कळेना. पावलांचा आवाज आला, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "कोण हाय?" निघालं आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"मी हाय," जयवंताबाई म्हणाल्या. "च्या आणलाय."

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, उजेड आत सोडला, डोळ्याचा दाब मोजला, परत उजेड सोडला.

"आजोबा, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. चांगलाच पिकलाय, इतके दिवस काय करत होता?"

"काळा?" तात्यांनी विचारलं. "बाई, काळा हाय का?"

"नाही हो, साधाच आहे. दाब व्यवस्थित आहे, मागची नसही छान आहे. आधी एक डोळा करू, मग दुसरा. लख्ख दिसेल."

तात्यांनी परत विचारलं. डॉक्टर बाईंनी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर जयवंताबाई म्हणाल्या, "अवं, न्हाय म्हणत्यात त्या, किती येळा इचारताय!" आणि तात्या हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, रडता रडता परत हसायला. दवाखान्यातले लोक बघायला लागले. बघू देत. दोन महिने ज्या माणसाने पुढचं सगळं आयुष्य ओट्यावर बसून काढायची तयारी केली होती, त्याला कुणी म्हणालं की साधाच आहे, तर त्याने काय तोंड बंद करून बसायचं? बाहेर पडल्यावर त्यांनी हॉटेलात दोन मिसळी खाल्ल्या. तिसरी मागवायला निघाले तेव्हा जयवंताबाईंनी उठवलं.

ऑपरेशनं नीट झाली. मधल्या दिवसांत श्रेयाला सोडायला अजितने दुधाची वेळ पुढेमागे केली. कुणाचंच काही अडलं नाही. हिरवी पट्टी निघाली त्या दिवशी तात्या अंगणभर फिरून एकेक गोष्ट बघत होते. जयवंताबाईंच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "लई म्हातारी झालीस की गं." त्यावर त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही. डॉक्टर बाईंनी गाडी चालवायची परवानगी दिली तेव्हाच तात्या अमीरकडे गेले. त्याने दिवे धरून, तार नीट बांधून, बुटकी पुसून ठेवली होती. म्हणाला, "तात्या, आता ह्ये दिवं धुकं आसंल तवाच लावायचं. एरवी हेडलाइट बास हाय तुमाला."

"ठावं हाय मला," तात्या गुरगुरले. पण गुरगुरण्यात जीव नव्हता. अमीरने त्यांना चहा पाजला आणि दोघं उगाचच बराच वेळ हसत बसले.

पहिल्यांदा पहाटे निघायची वेळ आली तेव्हा जयवंताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. श्रेया शेजारी बसली, पाठीवरची बॅग मांडीवर घेतली. उसाला पाणी दिलेल्या रानांवरून धुकं रस्त्यावर आलं होतं. तात्यांनी नवं बटण दाबलं. रस्त्याची कड, कडेचं गवत, पुढच्या ट्रॉलीच्या मागे लोंबणारं एकेक वाढं, सगळं काचेवरच्या दाण्यासारखं सुटं सुटं दिसत होतं. समोरून ट्रक आला. त्याला दोनच दिवे होते, फुलं नव्हती.

तात्या मनातून घाबरलेलेच होते. आता पोर काहीतरी बोलेल, ट्रॉली म्हणेल, वळण म्हणेल, असं वाटून त्यांनी कान टवकारले. लासुर्ण्याकडून आलेला मोठा ट्रॅक्टर त्यांनी अंतर राखून मागे टाकला, वळण घेतलं, एक म्हैस आडवी आली तिला वाट दिली. श्रेया गप्प. रुसली की काय? त्यांनी क्षणभर बाजूला नजर टाकली.

श्रेयाचं डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, हात बॅगेवर सैल पडलेले. पोर गाढ झोपली होती.

तात्यांचा ऊर भरून आला. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण रस्ता बघायचा होता. गाडीचा वेग थोडा कमी केला, खड्डे चुकवत चुकवत नेली, आणि बारामतीचं मैदान आलं तरी तिला लगेच उठवलं नाही.